मळणी यंत्राच्या शाफ्टवरील लॉकनट : घट्ट आवळूनही बेअरिंग का सुटते?

कचारगडच्या पायथ्याच्या गावांत दिवाळीनंतर धानाचे पुंजणे उभे राहतात आणि मळणी यंत्राची पाळी लागते. सालेकसा तालुक्याच्या या डोंगराळ पट्ट्यात बांध्या लहान आणि उताराच्या आहेत. मोठे कंबाईन हार्वेस्टर सगळीकडे पोचत नाही. धान कापायचे, कडपा वाळवायच्या, पुंजणे रचायचे आणि ट्रॅक्टरवरचे यंत्र आले की चुरणी करायची, ही पद्धत इथे अजून चालू आहे. एक यंत्र बरेचदा चार-पाच गावांत फिरते. ते बंद पडले की रांगेतल्या सगळ्यांचेच धान अडते. त्यात अवकाळी पाऊस आला, तर पुंजण्यातले धान भिजते, आणि आधारभूत खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे.

यंत्र बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी ऐन हंगामात सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण म्हणजे ड्रमच्या शाफ्टवरचे बेअरिंग जाणे. दरेकसा भागातल्या एका शेतकरी गटाच्या यंत्रावर ड्रमच्या एकाच बाजूचे बेअरिंग एका हंगामात तीनदा बदलावे लागले. पहिल्यांदा बेअरिंगच खराब निघाले असे सगळ्यांनी मानले. दुसऱ्यांदा मिस्त्रीने नवीन बेअरिंग बसवून लॉकनटला वेल्डिंगचे दोन टाके मारले. तिसऱ्यांदा ते टाके गॅसने कापावे लागले, तेव्हा शाफ्टच्या पृष्ठभागावर बोट अडकेल एवढा खड्डा पडलेला दिसला. यंत्र चालवणाऱ्या तरुणाचे एकच म्हणणे होते, "नट तं मी पाय देऊन आवळला होता जी, मंग सुटला कसा?"

प्रश्न बरोबर होता. नट खरोखरच घट्ट आवळला होता. त्याच्याखालचे लॉक वॉशर मात्र पहिल्याच बदलीत कुठेतरी पडले होते आणि नंतर कोणालाच त्याची आठवण झाली नाही.

बेअरिंग शाफ्टवर घसरते म्हणजे काय

बेअरिंगला दोन रिंगा असतात. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये स्थिर बसते. आतली रिंग शाफ्टसोबत फिरते आणि दोन्हींच्या मध्ये गोळ्या किंवा रोलर फिरतात. आतली रिंग शाफ्टला चिकटून, शाफ्टचाच भाग असल्यासारखी फिरली, तरच घर्षण गोळ्यांवर राहते. ती शाफ्टवर थोडी जरी सैल झाली, तर शाफ्ट पुढे जातो आणि रिंग किंचित मागे राहते. प्रत्येक फेरीला हा फरक अगदी लहान असतो. पण मिनिटाला काही शे फेरे मारणाऱ्या शाफ्टवर तासाभरात रिंग शाफ्टला कानशीसारखी घासते. लोखंडाची काळसर-तांबूस भुकटी ग्रीसमध्ये मिसळते, शाफ्ट झिजतो, रिंग आणखी सैल होते. हे चक्र एकदा सुरू झाले की नवीन बेअरिंग टाकूनही थांबत नाही, कारण आता शाफ्टच बारीक झालेला असतो.

याचे परिणाम फक्त बेअरिंगपुरते राहत नाहीत. शाफ्ट आडवा सरकतो, ड्रमचे दात खालच्या जाळीला लागतात, बेल्टची रेषा चुकते आणि पट्टा पुलीवरून उतरतो. तापलेल्या हाउसिंगमधून वितळलेले ग्रीस खाली गळते. खाली कोरडी तणस आणि भुसा असतो आणि हाताच्या अंतरावर पुंजणे असतात. मळणीच्या खळ्यावर आग लागण्याच्या कारणांमध्ये तापलेल्या बेअरिंगला विसरून चालणार नाही.

आधी ओळखा : तुमच्या यंत्रात बेअरिंग कशाने धरले आहे

"बेअरिंग घट्ट करा" या सल्ल्याचा अर्थ प्रत्येक यंत्रात वेगळा होतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी हाउसिंगच्या बाजूने दिवा मारून नीट पाहावे.

पहिला प्रकार म्हणजे ग्रब स्क्रूचा. हाउसिंगवर यूसीपी २०७, यूसीपी २०८ असे आकडे ओतलेले असतात. आतली रिंग एका बाजूला लांब असते आणि तिच्यात दोन छोटे स्क्रू असतात. इथे लॉकनट नसतोच. हलक्या यंत्रांत, पंख्याच्या शाफ्टवर आणि चाळणीच्या शाफ्टवर हा प्रकार भरपूर दिसतो. स्क्रू ॲलन कीने आवळायचे. २०८ आकाराला साधारण ४ मि.मी.ची की लागते. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करावेत. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेल्यास रिंग एका बाजूला ओढली जाते. स्क्रूचे टोक जिथे टेकते तिथे शाफ्टवर छोटा खोलगट ठसा करून घेतला, तर पकड बरीच सुधारते. या प्रकाराबद्दल एवढे पुरे.

दुसरा प्रकार शाफ्टवरच आटे पाडलेला. शाफ्टला एक खांदा म्हणजे पायरी असते, बेअरिंग तिला टेकते आणि दुसऱ्या बाजूने लॉकनट ते दाबून धरतो. इथे बेअरिंगचे भोक सरळ असते. ते शाफ्टवर मुळातच घट्ट बसते आणि नट त्याला आडवे सरकू देत नाही. म्हणून या प्रकारात नट चांगला घट्ट करायला हरकत नाही.

तिसरा प्रकार ॲडॉप्टर स्लीव्हचा. जड मळणी यंत्रे, गिरण्या आणि लिफ्ट-कन्व्हेअरच्या शाफ्टवर हाच जास्त सापडतो आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात. बेअरिंगचे भोक निमुळते असते. त्याच्या नंबरापुढे 'के' हे अक्षर असते, उदाहरणार्थ १२०८ के. शाफ्टवर एक चिरलेली निमुळती बाही चढवतात, तिच्यावर बेअरिंग, मग लॉक वॉशर, मग लॉकनट. नट आवळला की बेअरिंग बाहीच्या जाड भागाकडे सरकते, बाही आवळली जाऊन शाफ्टला मिठी मारते. शाफ्टवर आटे पाडावे लागत नाहीत, खांदाही लागत नाही. साधा गोल शाफ्ट चालतो. यंत्र बनवणाऱ्याला ही सोय स्वस्त पडते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र हात जपून वापरावा लागतो.

नंबर समजून घ्या

दुकानात "मळणी यंत्राचा लॉकनट द्या" असे सांगून योग्य माल मिळत नाही. या नटांची एक सरळ नंबरपद्धत आहे. नटावर केएम आणि पुढे आकडा असतो. त्या आकड्याला पाचने गुणले की आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. केएम ६ म्हणजे ३० मि.मी., केएम ७ म्हणजे ३५, केएम ८ म्हणजे ४०. या तिन्हींत आटे बारीक, दीड मि.मी. अंतराचे असतात. त्यामुळे बाजारातला साधा जाड आट्यांचा नट बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर बाही वाया जाते. जोडीचे लॉक वॉशर एमबी नावाने मिळते आणि त्याचा आकडा नटाच्या आकड्याइतकाच असतो : केएम ८ ला एमबी ८.

ॲडॉप्टर स्लीव्हच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. शाफ्ट ३५ मि.मी.चा असतो आणि शेतकरी ३५ मि.मी.चे बेअरिंग मागतो. पण मध्ये बाहीची जाडी असते. ३५ मि.मी.च्या शाफ्टवर एच २०८ ही बाही, तिच्यावर ४० मि.मी. भोकाचे १२०८ के बेअरिंग, केएम ८ नट आणि एमबी ८ वॉशर, असा तो संच होतो. जुने बेअरिंग आणि बाही दोन्ही सोबत घेऊन दुकानात जावे. गोंदिया किंवा आमगावला एक चक्कर वाया गेली तर दिवस जातो.

लॉक वॉशर : पत्र्याचा तुकडा, पण कुलूप तेच

लॉकनट गोल असतो आणि त्याच्या कडेला चार खाचा असतात. या खाचा हुक पाना लावण्यासाठी असतात. त्यांचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे. लॉक वॉशर म्हणजे पातळ पत्र्याची चकती. तिला आतल्या बाजूला एक दात असतो आणि बाहेरच्या बाजूला बरेच दात असतात. आतला दात शाफ्टवरच्या खाचेत किंवा बाहीच्या चिरेत बसतो. त्यामुळे वॉशर शाफ्टपेक्षा वेगळे फिरू शकत नाही. नट आवळून झाला की बाहेरच्या दातांपैकी जो नटाच्या खाचेसमोर आला असेल तो वाकवून खाचेत बसवायचा. आता नट वॉशरला बांधला गेला आणि वॉशर शाफ्टला. सुटायला वाट राहत नाही.

नटाला खाचा चार असल्या तरी वॉशरचे बाहेरचे दात सहसा विषम संख्येत असतात. त्यामुळे नट कुठेही थांबला तरी एखादा दात एखाद्या खाचेच्या जवळ येतोच. नेमका समोर येत नसेल, तर नट अगदी थोडा पुढे आवळून जुळवावा. जुळवण्यासाठी नट मागे सैल करू नये.

नुसता घट्टपणा का पुरत नाही, हेही पाहू. मळणी यंत्रात पेंढी ड्रममध्ये गेली की शाफ्टला धक्का बसतो, ती निघाली की भार सुटतो. दिवसभरात असे हजारो धक्के बसतात. प्रत्येक धक्क्याला नट आणि बेअरिंग यांच्यामधला दाब क्षणभर कमी होतो आणि त्या क्षणी नट केसभर फिरू शकतो. आवळताना पाय दिला की गुडघा, याने यात फरक पडत नाही. घट्टपणा काही दिवस टिकतो, वाकवलेला दात मात्र हंगामभर टिकतो.

एकाच बाजूचा नट का सुटतो

त्या गटाच्या यंत्रावर तिन्ही वेळा एकाच बाजूचे बेअरिंग गेले होते. गावात त्यावर "ती बाजूच खराब आहे" असा निकाल लागला होता. त्यामागचे कारण साधे आहे. वर सांगितल्याप्रमाणे सैल झालेली रिंग शाफ्टच्या मागे राहते, म्हणजे शाफ्टच्या मानाने ती उलट दिशेने फिरते. नट तिला टेकलेला असतो, म्हणून ती नटालाही त्याच उलट दिशेने ओढते.

आता नटाकडे तोंड करून उभे राहा आणि शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो ते पाहा. हे जाळीच्या बाहेरून, लांबून पाहायचे. शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरत असेल, तर सरकणारी रिंग नटाला काट्याच्या दिशेने ओढते, म्हणजे उजव्या आट्यांचा नट उलट घट्टच होतो. शाफ्ट काट्याच्या दिशेने फिरत असेल, तर तोच नट सुटण्याकडे ओढला जातो. दोन्ही नट बाहेरच्या बाजूला तोंड करून असतील, तर एकाच शाफ्टच्या दोन टोकांकडून पाहताना फिरण्याची दिशा उलटी दिसते. म्हणून एक नट वॉशरशिवायही काही काळ तग धरतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा सुटतो. तग धरलेला नट पाहून "वॉशर नसले तरी चालते" असा समज होतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची किंमत मोजावी लागते. तपासणीत कोणत्या नटाला आधी हात घालायचा, हे या एका निरीक्षणावरून ठरवता येते.

ॲडॉप्टर स्लीव्हवर बेअरिंग बसवताना

सुरुवात सुरक्षिततेपासून. ट्रॅक्टर बंद, पीटीओ सोडलेला, पट्टा उतरवलेला आणि ट्रॅक्टरची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात. ड्रम हाताने फिरवण्याची वेळ येते, तेव्हा दुसऱ्याने चावी फिरवली तर काय होईल याची कल्पना सगळ्यांना आहे.

शाफ्टचा बेअरिंग बसणारा भाग डिझेलने स्वच्छ धुवून कोरड्या फडक्याने पुसावा. बोट फिरवून खड्डा किंवा पायरी लागते का पाहावे. काठाला बारीक धार उठली असेल तर बारीक कानशीने फक्त ती उतरवावी. शाफ्ट झिजलेला असेल, तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भरण्याचा उपाय करू नये. पट्टी आठवड्यात फाटते. लेथवाल्याकडून शाफ्ट भरून पुन्हा मापात करून घेणे किंवा बदलणे, हाच मार्ग. बाही आणि शाफ्ट यांच्यामध्ये ग्रीस लावू नये. तिथे पकड हवी आहे, घसरण नको. आट्यांवर आणि नटाच्या टेकणाऱ्या बाजूवर मात्र तेलाचा हलका हात फिरवावा.

बाही जागेवर घेऊन, बेअरिंग तिच्या बारीक बाजूने चढवावे. वॉशर घालण्याआधी नट हलका आवळून बेअरिंग बाहीवर टेकवावे, मग नट काढून वॉशर घालावे आणि नट पुन्हा लावावा. असे केल्याने पुढच्या आवळणीत वॉशरचा आतला दात मुरगळत नाही. नट लावताना त्याची निमुळती कड बेअरिंगकडे ठेवावी.

आता खरा प्रश्न, किती आवळायचा? बाहीचा उतार १ ला १२ असतो, म्हणजे बेअरिंग १२ मि.मी. पुढे सरकले तर त्याची आतली रिंग १ मि.मी. ताणली जाईल. नटाचे आटे दीड मि.मी.चे. नट पाव फेरी फिरवला की बेअरिंग ०.३७५ मि.मी. पुढे जाते आणि रिंग सुमारे ०.०३ मि.मी. ताणली जाते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण या आकाराच्या बेअरिंगमध्ये गोळ्या आणि रिंग यांच्यातली मोकळी जागाच काही शतांश मि.मी. असते. नट पूर्ण एक फेरी फिरवला, तर रिंग ०.१२५ मि.मी. ताणायला लागेल. जागा संपते, गोळ्या चेपल्या जातात आणि बेअरिंग पहिल्याच तासात तापते. म्हणजे पाय देऊन आवळणाऱ्याने वॉशर लावले असते, तरीही त्याचे बेअरिंग वाचले नसते.

म्हणून पद्धत अशी. हुक पान्याने, फक्त हाताच्या जोराने, बेअरिंग, बाही आणि शाफ्ट यांच्यातली सगळी ढिलाई जाईपर्यंत नट आवळावा. ही सुरुवातीची जागा. तिथे नटावर आणि बाहीवर खडूने एक रेघ ओढावी. १२०८ के सारख्या दुहेरी गोळ्यांच्या, स्वतःहून कलणाऱ्या बेअरिंगसाठी तिथून पुढे सुमारे ७० अंश, म्हणजे पाव फेरीला थोडे कमी, एवढीच आवळणी. मग बाहेरची रिंग हाताने फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली पाहिजे. नंतर ती बाजूला कलवून पाहावी. कलताना किंचित अडखळ जाणवली तर ठीक. फिरतानाच अडली तर जास्त आवळले गेले. तेव्हा नट सैल करून, बेअरिंग बाहीवरून सोडवून पुन्हा सुरुवात करावी. हे बोटांना कळायला दोन-तीन वेळा करून पाहावे लागते. नवीन आणि बिघडलेले असे दोन्ही बेअरिंग हातात देऊन फिरवायला लावले, की गटातल्या तरुणांना फरक पाच मिनिटांत समजतो.

शेवटी दात वाकवावा. पंचाने किंवा बोथट छन्नीने, हलक्या ठोक्यांनी, तो खाचेच्या तळाला टेकेपर्यंत. एकदा वाकवून सरळ केलेला दात पुन्हा वापरू नये, तो मुळाशी चिरलेला असतो. दुसरा दात वापरता येतो, पण हंगामाच्या आधी नवीन वॉशरच घालावे. बेअरिंगच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

प्लमर ब्लॉक प्रकारच्या हाउसिंगमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. दोन टोकांपैकी एका हाउसिंगमध्ये बेअरिंगच्या बाजूला रिंगा घालून ते जखडलेले असते, दुसऱ्यात त्याला आडवे सरकायला जागा ठेवलेली असते. दीड मीटर लांबीचा शाफ्ट ३० अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मि.मी. वाढतो. दोन्हीकडे रिंगा घातल्या, तर ती वाढ बेअरिंगलाच सोसावी लागते. दुरुस्तीत उरलेली रिंग "कुठली तरी राहिली" म्हणून दुसऱ्या बाजूला घातली जाते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

ग्रीस हाउसिंगमधल्या मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मे भरावे. गच्च भरलेले ग्रीस घुसळून तापते.

छन्नी, वेल्डिंग आणि तार

हुक पाना नसल्यामुळे नटाच्या खाचेत छन्नी लावून हातोड्याने नट फिरवण्याची सवय सर्वत्र आहे. खाचा फुटतात, मग वॉशरचा दात बसायला जागाच राहत नाही. शिवाय हातोड्याच्या जोराला मोजमाप नसते, त्यामुळे वरचा ७० अंशांचा हिशेब कोसळतो. हुक पाना घेताना नटाचा बाहेरचा व्यास मोजून घ्यावा : केएम ७ चा ५२ मि.मी. आणि केएम ८ चा ५८ मि.मी. असतो. गटाच्या पेटीत एक पाना असला की पुरतो.

वेल्डिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. लॉकनटला टाके मारणे म्हणजे पुढची दुरुस्ती दुप्पट महाग करणे. उष्णतेने रिंगेचा कडकपणा जातो, ग्रीस जळते. अर्थिंगची पकड यंत्राच्या दुसऱ्या टोकाला लावली असेल, तर विद्युतप्रवाह गोळ्यांमधून जाऊन त्यांच्या धावेवर बारीक डाग पाडतो. असे बेअरिंग पुढे खडखडतच राहते. यंत्रावर दुसरीकडे कुठेही वेल्डिंग करायचे असेल, तरी अर्थिंग त्या जागेच्या जवळच लावावी.

ट्रॉलीच्या हबचा नट वेगळा

मळणीनंतर धान ट्रॉलीत भरून केंद्रावर जाते. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेला धानेगाव-दरेकसा रस्त्यावर वाहनांची रांग लागते. त्या गर्दीत ट्रॉलीचे चाक निखळले तर नुकसान धानापुरते राहणार नाही. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत, हे सांगूनही बसवली जातात.

हबमध्ये सहसा दोन निमुळत्या रोलरचे बेअरिंग समोरासमोर असतात आणि टोकाला मुकुटासारख्या खाचांचा कॅसल नट असतो. इथे नटाचे काम बेअरिंग दाबून धरणे नाही, तर त्यांच्यातली मोकळीक ठरवणे आहे. चाक जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे लावून, हबचे टोपण काढावे. चाक हाताने फिरवत राहून नट आवळावा. चाक जड वाटू लागले की थांबावे आणि नट मागे फिरवून पुढच्या खाचेशी भोक जुळवावे. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि वर-खाली धरून हलवल्यावर खडखड जाणवायला नको. मग भोकाला पुरेल अशा जाडीची नवीन स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय वाकवावेत. खिळा, तार किंवा अर्ध्या जाडीची पिन चालत नाही. ती धक्क्याने तुटते आणि हबच्या टोपणाखाली असल्याने कोणाला दिसतही नाही. मळणी यंत्राच्या सवयीने हबचा नट ताकदीने आवळला, तर पाच-दहा किलोमीटरमध्येच हब हात लावता येणार नाही इतका तापतो.

हंगामात पाहायचे काय

बेअरिंग बसवल्यावर नट, वॉशर आणि बाही यांच्यावरून ऑइलपेंटची एक सरळ पांढरी रेघ ओढावी. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी ती पाहावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. यासाठी पाना लागत नाही, मिस्त्री लागत नाही, आणि यंत्र चालवणारा शाळकरी मुलालाही हे काम सांगू शकतो, अर्थात यंत्र बंद असतानाच.

नवीन बेअरिंगवर पहिले ८-१० तास काम झाल्यावर एकदा नट तपासावा. यंत्र अर्धा तास चालवून बंद केल्यावर दोन्ही बाजूंच्या हाउसिंगवर तळहात ठेवून पाहावा. दोन्ही सारखे कोमट असतील तर काळजी नाही. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापत असेल, किंवा तळहात काही सेकंदही ठेवता येत नसेल, तर पुढची पेंढी टाकण्याआधी ते हाउसिंग उघडावे. ग्रीस काळे आणि चमकणारी भुकटी असलेले निघाले, तर रिंग शाफ्टवर घसरते आहे. हाउसिंगमधून किणकिण आवाज येत असेल तर तो गोळ्यांचा असतो. घसरणारी रिंग बहुतेक वेळा आवाज न करता शाफ्ट खाते.

कृषी सहायक आणि अवजारे बँक चालवणाऱ्या गटांसाठी एक सूचना. सामाईक यंत्राची देखभाल सगळ्यांची असते, म्हणजे बरेचदा कोणाचीच नसते. यंत्रासोबत एक वही ठेवून तिच्यात दोन्ही टोकांच्या बेअरिंगचा नंबर, बाहीचा नंबर, नट-वॉशरचा नंबर आणि बसवल्याची तारीख लिहावी. त्याच वहीच्या पिशवीत दोन लॉक वॉशर, चार स्प्लिट पिना, ॲलन की आणि हुक पाना ठेवावा. कचारगड परिसरातून योग्य नंबरचा वॉशर आणायला बाहेर जावे लागते, आणि यात्रेच्या दिवसांत तर रस्त्यातच वेळ जातो. उन्हाळी धानाची मळणी आटोपून पाऊस लागण्याआधी यंत्र झाकून ठेवताना नटांच्या आट्यांवर ग्रीसचा थर द्यावा, नाहीतर दिवाळीला पुन्हा छन्नीच शोधावी लागते.